‘हवी’नंतरचे शब्द

सुमंगला गावसचं दुकान गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात, एका शिंप्याच्या आणि एका कुरिअरवाल्याच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं आहे. एक मेज, त्यावर सूक्ष्मदर्शक, मागच्या फळीवर पोट उघडं पडलेले लॅपटॉप, आणि गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. पाटीवर तिचं नाव नाही, नुसतं ‘लॅपटॉप दुरुस्ती’. सुरुवातीची दोन वर्षं लोक आत डोकावून विचारायचे, “भाऊ खय गेलो?” ती सांगायची, “भाऊ नाय. मीच आसंय. दाखवा.” काही जण दाखवायचे. काही जण नंतर येतो म्हणून जायचे आणि येत नसत.

ती मूळची धारगळची. बारावीनंतर वेर्ण्याच्या एका कारखान्यात लागली आणि अकरा वर्षं भिंगाखाली बसून बोर्डांवर सोल्डरिंग करत राहिली. कारखाना दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा तिच्याजवळ उरलं ते चष्म्याचा वाढलेला नंबर आणि न थरथरणारे हात. लग्न होऊन ती डिचोलीत आली होतीच. तिथेच तिने दुकान टाकलं.

दुकानाच्या चौथ्या वर्षी सेजल नावाची कॉलेजातली मुलगी आली होती. तिच्या लॅपटॉपची ग्राफिक्सची चिप गेली होती. अशा चिपेला गरम हवेचा झोत दिला, की आतले सुटलेले जोड काही काळ पुन्हा धरतात आणि मेलेलं यंत्र उठून बसतं. सुमंगलाने तेच केलं आणि “झाला” म्हणून हातात दिलं. नवव्या दिवशी, नेमकं प्रकल्प जमा करायच्या सकाळी, ते पुन्हा मेलं आणि मग कशानेच उठलं नाही. मुलगी भांडली नाही. “हे टिकणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?” एवढंच तिने विचारलं. सुमंगलाला ठाऊक होतं. त्यानंतर तिने दुरुस्ती म्हणून कुठल्याच चिपेला झोत दिला नाही, आणि टिकणार नसेल ते टिकणार नाही हे तोंडावर सांगायला शिकली. त्यामुळे गिऱ्हाइकं थोडी तुटली. पण जी राहिली ती तिच्या शब्दावर विसंबून असत.

पुढची गोष्ट गेल्या फेब्रुवारीतली. मंगळवार होता. सकाळी दहाला ती शटर वर करत होती, तेव्हा पन्नाशी ओलांडलेली एक बाई पायरीवर आधीच उभी होती. छातीशी कापडी पिशवी घट्ट धरलेली.

“बाय, ह्या आज दुपारच्या आत चालू होऊक व्हया,” ती म्हणाली.

असं म्हणणारी गिऱ्हाइकं रोज येतात. सुमंगलाने नेहमीचंच विचारलं, “काय झाला ता आधी सांगा, वैनी. पडला? पाणी सांडला?”

“नाय. सकाळी हे लिहीत होते. मध्येच पडद्यावर रंगीत चौकोन इले, मगे सगळा काळा झाला.” बाई थांबली. “ते बोलूक शकनत नाय. ह्याच यंत्रावर बोलतत.”

तिचं नाव सुलोचना घाडी. लाटंबार्सेहून मिळेल त्या बसने आली होती. तिचा नवरा अनंत खनिज वाहणाऱ्या बार्जवर कप्तान होता. डिचोलीच्या धक्क्यांवरून माल भरून मांडवीतून मुरगाव बंदरापर्यंत न्यायचा. चार वर्षांपूर्वी त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला. हात गेले, पाय गेले, मग जीभ गेली. डोळे तेवढे राहिले. मुलगा अमोल जहाजावर नोकरीला. त्याने हा लॅपटॉप आणि त्याच्या पडद्याखाली लावायचा कॅमेरा आणून दिला. अनंत पडद्यावरच्या अक्षराकडे रोखून बघे, कॅमेरा त्याची नजर ओळखे, अक्षर उमटे, आणि वाक्य पुरं झालं की यंत्र ते मोठ्याने म्हणे. आवाज कुठल्यातरी शहरी, शुद्ध बोलणाऱ्या माणसाचा. अनंतला तो आवडत नसे. तरी गेली तीन वर्षं तोच त्याचा आवाज होता.

“आणि आजच का व्हया?” सुमंगलाने विचारलं.

सुलोचनाने सगळं क्रमाने सांगितलं. आठवड्यापासून अनंतच्या छातीत कफ भरला होता. मास्कचं श्वासाचं यंत्र आता पुरत नव्हतं. दुपारी चारला रुग्णवाहिका येऊन त्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेणार होती. तिथल्या डॉक्टर दिपाली फोनवर म्हणाल्या होत्या, की तिथे गेल्यावर गळ्याला छेद देऊन नळी बसवायची वेळ येईल. नळी बसवली की माणूस जगेल, पण यापुढे श्वासाच्या यंत्रावरच. बसवायची की नाही हे अनंतनेच सांगायला हवं, आणि निघण्याआधी सांगायला हवं. एकदा गुंगीचं औषध दिलं की विचारता येणार नाही. आज सकाळी साडेसातला अनंत उत्तर लिहायला लागला. ‘मला ती नळी’ एवढं लिहून झालं आणि पडदा गेला.

“डोळे मिटून हो-नाय सांगनत नाय?”

“आधी सांगत. महिनाभर पापण्यो आपोआप मिटतत. सकाळी मी इचारलंय, तर त्येंनी डोळे मिटले ते उघडलेच नाय कितीतरी वेळ. माका वाटला हो म्हणतत. माझी नणंद म्हणाली, नको म्हणता.”

सुमंगलाने पिशवीतून लॅपटॉप काढला. जाडजूड, खेळ खेळणारी मुलं घेतात तसला, जुना पण जपलेला. तिने तो चालू केला. विंडोज नीट उघडलं. मग अनंतचं सॉफ्टवेअर आपोआप सुरू झालं आणि तत्क्षणी पडदाभर हिरवे-जांभळे चौकोन पसरले. चित्र गोठलं. काळोख.

नुसता पडदा गेला असता तर काम सोपं होतं. तिने दुकानातला मोठा मॉनिटर जोडून पुन्हा चालू केलं. त्यावरही तेच चौकोन. म्हणजे पडदा नव्हे आणि पडद्याची वायरही नव्हे. चित्र जिथे तयार होत होतं तिथेच नासत होतं.

“दुसऱ्या लॅपटॉपवर ता सॉफ्टवेअर घालूक येयत?” सुलोचनाने विचारलं. सुमंगला तेच शोधत होती. तिने कंपनीच्या संकेतस्थळावर वाचलं: परवाना त्याच यंत्राला बांधलेला, हलवायचा तर त्यांना मेल करायचा, उत्तर दोन ते तीन दिवसांत. तिने मेल लिहून टाकला आणि लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढायला घेतले.

आत पंख्याच्या जाळीवर धुळीची गादी बसली होती. चिपेवरची, उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाळून चुन्यासारखी झालेली. तिने सगळं साफ केलं, नवी पेस्ट लावली, झाकण बसवलं. यात पाऊण तास गेला. चालू केल्यावर यंत्र पाच मिनिटं नीट चाललं. मग दहा. सुलोचना स्टुलावरून उठून उभी राहिली. विसाव्या मिनिटाला कोपऱ्यात एक जांभळा चौकोन दिसला, मग दुसरा, मग सगळा पडदा भरला.

सुलोचना पुन्हा बसली.

साडेअकरा झाले होते. सुमंगलाने यंत्र सेफ मोडमध्ये सुरू केलं, म्हणजे ग्राफिक्सच्या मोठ्या चिपेला कामाला न लावता. पडदा स्वच्छ. एक चौकोन नाही.

“वैनी, ऐका,” ती म्हणाली. “ह्येच्यात चित्र काढणाऱ्या दोन चिपी आसत. एक मोठी, एक प्रोसेसरच्या पोटातली बारकी. मोठी मरूक टेकली आसा. ती बरी होऊची नाय. तिका गप बसवून बारकीवर काम चलता काय ता बगूया.”

“आणि नाय चलला तर?”

सुमंगलाची नजर मेजाच्या कडेला गेली. गरम हवेची बंदूक तिथे टांगलेली होती. या बाईला वर्षभर चालणारं यंत्र नको होतं. एक तास पुरला असता, एक वाक्य पुरलं असतं. झोत दिला तर बहुतेक तासभर मिळेलही. पण ‘बहुतेक’च. झोत चुकला तर बोर्ड जागीच मरणार होता, मग बारकी चिपही नाही आणि वाक्यही नाही. तिचे हात बंदुकीकडे गेले नाहीत, पण डोळे दोनदा गेले, हे तिने स्वतःच मला सांगितलं.

तिने मोठ्या चिपेचा ड्रायव्हर, म्हणजे तिला कामाला जुंपणारं सॉफ्टवेअर, मुळासकट काढून टाकला आणि यंत्र नेहमीसारखं सुरू केलं. अनंतचं सॉफ्टवेअर उघडलं. थोडं जड चाललं, पण चाललं. अक्षरांचे चौकटबंद रकाने पडद्यावर उभे राहिले. तिने पाऊण तास थांबून बघितलं. एक वाजून गेला.

कॅमेरा घरी होता, त्यामुळे खरी परीक्षा घरीच. तिने शटर ओढलं, स्कूटरवर सुलोचनाला मागे बसवलं, लॅपटॉप दोघींच्या मध्ये. रस्ता डोंगराकडे वळला तसा काजूच्या मोहराचा वास यायला लागला. सुलोचना वाटेत एकदाच बोलली. “तेंका नळी नको आसली, तर माका ऐकूक येवचा नाय असा वाटता.”

सुमंगलाने स्कूटरचा वेग वाढवला.

घरात पुढच्या खोलीत जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, अनंतची खाट होती. तोंडावर मास्क, शेजारी श्वासाचं यंत्र फुसफुसत होतं. छाती वर येताना गळ्याच्या बाजूला खळगे पडत होते. उशाशी त्याची मोठी बहीण वत्सला बसली होती, साळहून कालच आलेली. तिने सुमंगलाकडे बघितलं आणि आधी सुलोचनाला म्हणाली, “दमलो आसा तो. आता त्येका नको छळूया.”

वत्सलाचा नवरा अशाच नळीवर अकरा दिवस राहून गेला होता. हात खाटेला बांधलेले. ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

सुमंगलाने लॅपटॉप खाटेवरच्या स्टँडवर बसवला, कॅमेरा जोडला, आणि अनंतच्या नजरेसमोर वाकून म्हणाली, “दादा, मी सुमंगला. यंत्र मी बगलंय. बारकी चिप आसा, जरा जड चलात. सावकाश लिवा.”

त्याचे डोळे तिच्यावर आले, क्षणभर थांबले आणि पडद्याकडे गेले. पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या, पण बुबुळं नेमकी अक्षरावर जात. एकेका अक्षराला तीन-तीन सेकंद. ‘म’. मग ‘ल’ आणि काना. श्वासाचं यंत्र तेवढं फुसफुसत होतं. ‘मला ती नळी’ इथपर्यंत यायला तीन मिनिटं गेली. त्याने जरा डोळे मिटले. मग ‘ह’. मग ‘वी’.

मला ती नळी हवी

सुलोचनाने तोंडावर पदर दाबला. त्याच क्षणी डाव्या कोपऱ्यात हिरवा चौकोन दिसला. पडदा भरला, गोठला आणि काळा झाला.

“‘हवी’ म्हणाले ते,” सुलोचना म्हणाली. “सगळ्यांनी बगला.”

“पुरा खय झाला?” वत्सला उठून उभी राहिली. “‘हवी असं नाही’ लिवचा आसला तर? ‘हवी होती, आता नको’ आसला तर? त्येचे डोळे बग. थांबले आसत?”

डोळे थांबले नव्हते. अनंत काळ्या पडद्यावर, जिथे अक्षरं होती तिथेच, इकडून तिकडे बघत होता. त्याचं वाक्य संपलेलं नव्हतं हे तिघींनाही कळत होतं.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. सुमंगलाला आपली चूक लगेच कळली. दुकानात लॅपटॉप इंटरनेटला जोडलेला नव्हता. इथे आल्याबरोबर घरचं वायफाय त्याने आपणहून धरलं, आणि विंडोजने गाळलेली वस्तू शोधून काढून मोठ्या चिपेचा ड्रायव्हर पुन्हा बसवला. मेलेल्या चिपेला त्याने कामाला लावलं होतं.

“चूक माझी आसा,” ती म्हणाली. “वायफाय बंद करूक व्हया होता. माका सुचला नाय.”

सुलोचना वायफायचा डबा असलेल्या भिंतीकडे गेली आणि तिने प्लग खेचून काढला.

सुमंगलाने यंत्र चालू केलं. या वेळी ते विंडोजपर्यंतही पोचलं नाही. चिप आता सुरुवातीलाच अडवत होती. सेफ मोडही उघडेना. तिने तीनदा प्रयत्न केला.

एकच जागा उरली होती. विंडोजच्याही आधी यंत्राच्या पोटात एक छोटा कारभार असतो, बायोस नावाचा. कोणता भाग जिवंत ठेवायचा आणि कोणता बंद, हे तिथे ठरतं. ती त्यात शिरली. पडदा निळा, अक्षरं बारीक. चौथ्या पानावर तिला हवी ती ओळ सापडली: ग्राफिक्स, फक्त अंतर्गत. म्हणजे मोठ्या चिपेला वीजच द्यायची नाही.

पण तिचं बोट बटणावर थांबलं. काही लॅपटॉपांत पडद्याची वायर मोठ्या चिपेतूनच येते. हा तसला असेल आणि तिने ती चिप बंद केली, तर पडदा असा काळा होईल, की परत फिरायलाही काही दिसणार नाही. मग यंत्र पुन्हा उघडून आतला लहान सेल काढायचा, सगळं पूर्ववत व्हायची वाट बघायची. त्यात तास जाणार. आणि पूर्ववत म्हणजे पुन्हा तेच चौकोन.

“काय झाला?” सुलोचनाने विचारलं.

“जरा विचार करूक द्या.”

तिने डोळे मिटून सकाळचं दुकान आठवलं. ड्रायव्हर काढल्यावर पडदा चालत होता, हे खरं. पण मोडक्या-तोडक्या पद्धतीने कुठलाही पडदा चालतो. आणखी काही होतं का? होतं. उजेड डोळ्यांना लागत होता म्हणून तिने पडद्याचा प्रकाश कमी केला होता, आणि तो कमी झाला होता. मोठी चिप गप्प असताना पडद्याचा प्रकाश कमी-जास्त होत होता, म्हणजे पडदा बारकीच्या हातात होता. वायर तिकडूनच होती. हा पुरावा शंभर टक्के नव्हता, पण गरम हवेच्या झोतापेक्षा पुष्कळ जास्त होता.

तिने अनंतकडे बघितलं. विचारायला हवं असं तिला वाटलं, कारण वाक्य त्याचं होतं.

“दादा, एक गोष्ट करतंय. झाली तर यंत्र चलतला. चुकली तर आज चारच्या आत चलूचा नाय. करू? करूक सांगतास तर जनेलाकडे बगा.”

अनंतची बुबुळं जनेलाकडे गेली आणि तिथेच राहिली. नळीचं उत्तर मात्र असं नुसत्या नजरेने घेता येणार नव्हतं, कारण ‘हवी’नंतर त्याला आणखी काही सांगायचं होतं.

तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला. दहा सेकंद, वीस, तीस. वत्सलाने खाटेचा दांडा धरला होता. सुमंगला म्हणते, त्या वेळी तिच्या मनात काहीच नव्हतं, ती फक्त आकडे मोजत होती. एक्केचाळीसवर कंपनीचं चिन्ह आलं.

विंडोज उघडलं. सॉफ्टवेअर उघडलं. तिने वायफाय बंद आहे ना ते दोनदा बघितलं, कॅमेरा पुन्हा त्याच्या डोळ्यांशी जुळवून घेतला. त्यात वीस मिनिटं गेली, कारण पापण्या मध्येच मिटत आणि मोजणी चुके. तीन वाजून पाच मिनिटांनी अनंतने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मागचं लिहिलेलं गेलं होतं.

या वेळी ‘हवी’पाशी तो थांबला नाही. पूर्णविराम दिला आणि पुढे गेला. मध्ये दोनदा श्वास अपुरा पडला. सुलोचनाने मास्क नीट केला, तो पुन्हा लिहायला लागला. पावणेचारला रुग्णवाहिका दारात आली. चालक आणि सोबतचा माणूस आत आले. वत्सलाने दोघांना दारातच हात दाखवून थांबवलं. “तो बोलता आसा,” ती म्हणाली.

चार वाजून बारा मिनिटांनी त्या परक्या, शुद्ध आवाजाने वाचलं:

“मला ती नळी हवी. पण सुलूने अंगणवाडीवर परत जायचं. रात्रीला बाई ठेवा. ती एकटी जागणार असेल तर मला नळी नको. मी नको म्हणेन तेव्हा ऐका. त्यासाठी हे यंत्र चालू राहिलं पाहिजे. ते बंद असलं तर मी नको कसं म्हणू.”

सुलोचना मुलांना शिकवायची ते काम तिने तीन वर्षांपूर्वी सोडलं होतं. आपण ते कुणाला बोलून दाखवलं नाही असं तिला वाटत होतं. ती खाटेच्या कडेला बसली आणि त्याच्या पायावर हात ठेवून म्हणाली, “जातलंय. जातलंय मी.” वत्सला आत गेली आणि बरोबर न्यायच्या कपड्यांची पिशवी घेऊन आली.

सुमंगलाने फोनवर ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. ते तिने डॉक्टर दिपालींना आणि जहाजावर अमोलला पाठवलं. अमोलचं उत्तर आलं, “बाबा म्हणतात तसंच करा.” मग ती अनंतच्या समोर वाकली. शेवटची ओळ तिला उद्देशून होती हे तिला कळलं होतं, आणि खोटं सांगायचं नव्हतं.

“दादा, ह्या यंत्र कायमचा नाय. मोठी चिप मेली, आता बारकीवर चलता. किती दिवस, ता माका सांगूक येयना. मी दुसरा उभा करून देतंय. तोपर्यंत ह्या बंद पडला तर मी येतलंय.”

अनंतने तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे. रुग्णवाहिकेचा माणूस घड्याळ बघत होता. अनंतने दोनच अक्षरं लिहिली आणि यंत्र म्हणालं, “बरं.”

ते त्याला घेऊन गेले. सुमंगला स्कूटरवरून परत आली तेव्हा शिंप्याने विचारलं, “दिवसभर दुकान बंद?” ती म्हणाली, “घरी जाऊन काम होता.” शटर वर केलं आणि सकाळपासून मेजावर पसरलेली हत्यारं आवरायला घेतली.

नळी गुरुवारी बसवली. अनंत सव्वा महिन्याने घरी आला. परवान्याच्या मेलला उत्तर तिसऱ्या दिवशी आलं, पण दुसऱ्या लॅपटॉपवर सगळं नीट हलायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जुनं यंत्र एकदा हॉस्पिटलातच बंद पडलं. सुमंगला बांबोळीला गेली आणि तीन तास बसून तिने ते उठवलं. नर्स म्हणाली, इथे कुणी लॅपटॉपचा डॉक्टर भेटीच्या वेळेनंतर आलेला पहिल्यांदाच बघतेय. त्यानंतर सुमंगलाने आणखी एक गोष्ट केली. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यावर अक्षरं लिहून एक फलक केला, जो दोघांच्या मध्ये धरला की अनंत कुठल्या अक्षराकडे बघतो ते समोरच्याला दिसतं. त्याला वीज लागत नाही, चिप लागत नाही. वत्सला तो सगळ्यांत आधी शिकली. ती आता महिन्यातले दहा दिवस भावाकडे असते.

सुलोचना जूनपासून अंगणवाडीवर जाऊ लागली. रात्रीला शेवंती नावाची बाई येते. अनंतला दोनदा निमोनिया झाला, दोन्ही वेळा तो निभावला. नळी नको असं त्याने अजून म्हटलेलं नाही. एकदा पावसात तीन दिवस तो काहीच बोलला नव्हता, यंत्र नीट चालत असूनही. सुलोचनाने घाबरून सुमंगलाला बोलावलं. सुमंगलाने सगळं तपासलं आणि म्हणाली, “यंत्रात काय नाय, वैनी. तेंका बोलूचा नाय आसा.” ती बराच वेळ नुसती शेजारी बसून राहिली. चौथ्या दिवशी अनंतने विचारलं, मुरगावच्या बंदरात आता किती बार्जेस चालतात ते कुणाला ठाऊक आहे का. कुणालाच ठाऊक नव्हतं. अमोलने फोन करून चौकशी केली.

सुमंगला गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवते. लाटंबार्सेला जाते, दोन्ही लॅपटॉप उघडते, धूळ काढते, वायफायच्या आडून काही आपोआप बसलंय का ते बघते. मग पेडण्यातल्या एका घरी जाते, तिथे अशाच आजाराची एक बाई आहे. तिला अजून थोडं बोलता येतं. सुमंगला त्या बाईचा आवाज रेकॉर्ड करून ठेवतेय, म्हणजे पुढे यंत्र तिच्याच आवाजात बोलेल. दर गुरुवारी वीस वाक्यं. परवा त्यांची दोनशे चाळीस झाली होती.